स्पीच थेरपिस्ट मुलापेक्षा आम्हालाच जास्त शिकवते, अडीच वर्षांच्या मुलाला याचा उपयोग होतो का?

हो, होतो, आणि ज्या पालकांना सुरुवातीला हे खटकतं त्यांतल्या अनेकांना पुढे हाच भाग सगळ्यात कामाचा वाटतो. मी स्वतः लहान मुलांची स्पीच थेरपिस्ट आहे. "फी आम्ही भरायची आणि काम पण आम्हीच करायचं?" हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि त्यामागचा थकवा खरा असतो. पण हिशोब बघा: थेरपी आठवड्याला एक तास, मूल मात्र 70-80 तास जागं असतं. भाषा त्या बाकीच्या तासांत येते. उदाहरणार्थ, मुलाला बूट घालताना एक बूट हातात धरून थांबा, मनात पाच आकडे मोजा, त्याच्याकडे बघा. त्याने नुसता हात पुढे केला तरी "बूट घाल" म्हणून लगेच घाला. हे दिवसातून चार-पाचदा सहज होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. पालकांना शिकवून केलेल्या थेरपीने मुलांची भाषा सुधारते, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे.

फक्त एक अट: तुमच्या थेरपिस्टने तुमच्यासमोर मुलासोबत करून दाखवलं पाहिजे, मग तुम्हाला करायला लावून चुका सांगितल्या पाहिजेत. नुसता गृहपाठाचा कागद देऊन जात असेल तर तक्रार रास्त आहे, स्पष्ट बोला. आणि श्रवण तपासणी अजून झाली नसेल तर ती आधी करून घ्या. आलेले शब्द मूल विसरत असेल तर बालरोगतज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवा.