आजारपणाचे दुप्पट खाडे मालकाला लावता येतात का?

प्रश्न : सांगलीत एका कापड दुकानात अडीच वर्षं कामाला आहे. आम्ही ३२ जण आहोत. पगार १५,६०० रुपये, २६ दिवसांच्या हिशेबाने. ऑगस्टमध्ये डेंगी झाला, मिरजेला ॲडमिट होते. ११ दिवस भरले नाहीत. मालक म्हणाले, "आजारपणाची रजा आपल्याकडे नाही. सीझनमध्ये दांडी म्हणजे एका दिवसाला दोन खाडे." हातात २,४०० रुपये आले. यंदा मे महिन्यात भावाच्या लग्नाला दोन दिवस भरपगारी रजा घेतली होती, बाकी काही नाही.

उत्तर : ताई, आधी दुप्पट खाड्याचं बघू, कारण तो सरळसरळ बेकायदा आहे. जितके दिवस गैरहजर, तितक्याच दिवसांचा पगार कापता येतो. तुमचा रोज ६०० रुपये. शिल्लक रजा एकही नसती, तरी कपात ६,६०० च्या वर जायला नको होती. कापले १३,२००. तापातून उठलेल्या बाईच्या हातावर २,४०० रुपये टेकवायचे, याचा मला मनापासून राग आला.

आता रजेचं. दुकानांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात 'आजारपणाची रजा' असं वेगळं खातं नाही, एवढं मालकांचं खरं. पण त्याच कायद्यात वर्षाला ८ दिवस भरपगारी किरकोळ रजा आहे, ती दर तिमाहीला दोन-दोन अशी जमा होते. म्हणजे ऑगस्टमध्ये तुमच्या खात्यावर सहा होत्या, लग्नाच्या दोन वजा जाता चार उरल्या. शिवाय वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस हक्काची रजा पुढच्या वर्षी मिळते. गेल्या वर्षी तुमचे २८० दिवस भरले असतील तर १४ झाल्या. चार आणि चौदा, अठरा. अकरा दिवस त्यात सहज बसतात, एकही खाडा पडत नाही.

पगाराच्या स्लिपवर ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचे, ११७ रुपये कापलेले दिसतात का, तेही बघा. कापत असतील आणि हप्त्यांचे ७८ दिवस भरलेले असतील, तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. मात्र पहिले दोन दिवस साधारणपणे धरत नाहीत, आणि भरपगारी रजा घेतलेल्या दिवसांचा भत्ता मिळत नाही. म्हणून या वेळी रजाच वापरा. पुन्हा आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्याचा दाखला घ्या.

उद्याच साध्या कागदावर अर्ज लिहा : रजा धरून १३,२०० रुपये परत द्यावेत. सोबत डिस्चार्ज कार्ड, रक्ताचा रिपोर्ट आणि आजारी असल्याचं कुणाला कळवलं असेल तर त्या मेसेजची प्रिंट जोडा. दोन प्रती करा, एकीवर दुकानाची सही-शिक्का घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर हेच कागद घेऊन सांगलीच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. आणि तोपर्यंत कोऱ्या कागदावर किंवा 'हिशेब पूर्ण मिळाला' अशा व्हाउचरवर सही करू नका.