वाचकांचे प्रश्न : शाळेच्या पाटीवरचा फुटबॉलपटू

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे मिनिआपोलिसला दोन महिने राहणे झाले. तिथल्या एका शाळेचे नाव ‘जस्टिस पेज मिडल स्कूल’ असे आहे. हे पेज राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते आणि त्याआधी व्यावसायिक फुटबॉलमध्ये बचावफळीत खेळत, असे जावयांनी सांगितले. नातवाने मात्र ‘सॅक’ची अधिकृत यादी उघडली, तर तिच्यात त्यांचे नावच सापडेना. ते खरोखर मोठे खेळाडू होते, की न्यायमूर्तिपदामुळे त्यांच्या खेळाचे कौतुक झाले?
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : आपल्या नातवाने यादी बरोबर पाहिली आणि जावयांनी सांगितलेलेही बरोबर आहे. घोळ आहे तो नोंदवहीचा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू पुढे फेकून खेळी चालवणारा खेळाडू, फेकण्याच्या बेतात असतानाच त्याला मागच्या मागे लोळवले, तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याची पकड झाली की फलकावर लगेच गुण लागतो. इथे मात्र बहुतेक वेळा फलक जागचा हलत नाही, फक्त चेंडू काही यार्ड मागे जातो आणि एक प्रयत्न वाया जातो. (क्वार्टरबॅक आपल्याच गोलरेषेमागे सापडला, तरच दोन गुण मिळतात.) त्यामुळे फलक पाहून बचावपटूची कामगिरी कळत नाही आणि नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे तिथल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धेने, तर सॅकची वैयक्तिक अधिकृत नोंद १९८२ पासून सुरू केली. अ‍ॅलन पेज निवृत्त झाले १९८१ चा हंगाम संपल्यावर. एका वर्षाच्या फरकाने त्यांची सगळी कारकीर्द त्या यादीबाहेर राहिली. मागाहून मोजदाद झाली, पण तिच्यातही एकमत नाही : थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या ‘हॉल ऑफ फेम’च्या माहितीत १७३ हा आकडा येतो, तर जुन्या सामन्यांच्या नोंदी चाळणाऱ्या अभ्यासकांच्या हिशेबाने तो १४८.५ आहे. त्यातला अर्धा म्हणजे दोघांनी मिळून केलेल्या सॅकमधील एकाचा वाटा. यातला लहान आकडा धरला, तरी तो थोरांच्या पंक्तीतला आहे.

पेज ‘डिफेन्सिव्ह टॅकल’ होते. ही जागा बचावाच्या पहिल्या रांगेत, अगदी मध्यभागी असते. खेळाडू पुढे वाकून, हात जमिनीला टेकवून उभा राहतो. समोर हातभर अंतरावर तितकाच दांडगा प्रतिस्पर्धी त्याला रोखण्यासाठी टपलेला असतो. येथे सहसा वजनदार गडी उभे केले जातात. पेज तुलनेने सडपातळ होते आणि त्यांचे भांडवल होते पहिल्या पावलाचा वेग. चेंडू हलताक्षणी ते असे सुटत, की समोरचा सावरून उभा राहीपर्यंत ते त्याच्या बगलेतून पलीकडे गेलेले असत. मिनिआपोलिस ज्या राज्यात आहे, त्या मिनेसोटाच्या व्हायकिंग्ज संघाने त्यांना १९६७ मध्ये पहिल्या फेरीत निवडले. कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन यांच्याबरोबर त्यांची जी चौकडी जमली, तिला संघाच्या जांभळ्या पोशाखावरून ‘पर्पल पीपल ईटर्स’, म्हणजे माणसे खाणारे जांभळे राक्षस, असे नाव पडले. १९७१ मध्ये पेज लीगचे सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा हा मान बचावपटूला प्रथमच मिळत होता आणि त्यानंतर दुसरा बचावपटू, लॉरेन्स टेलर, यायला १९८६ साल उजाडावे लागले. मधल्या काळात, १९८२ मध्ये, तो चक्क एका किक मारणाऱ्या खेळाडूला देऊन झाला होता! १९७१ मध्ये पेज न्यायमूर्ती तर नव्हतेच, वकीलही नव्हते. आपल्या शंकेचे उत्तर या एका सालातच आहे.

अपयशही सांगायला हवे. व्हायकिंग्ज चार वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचले आणि चारही वेळा हरले. पेज त्या चारही पराभवांत मैदानावर होते. पुढे त्यांना लांब पल्ल्याच्या धावण्याची गोडी लागली आणि वजन उतरत गेले. संघाच्या प्रशिक्षकांना ते मान्य नव्हते. १९७८ च्या हंगामात, ऐन मध्यावर, व्हायकिंग्जनी त्यांना मोकळे केले. शिकागो बेअर्सनी लगेच घेतले आणि त्याच हलक्या अंगाने पेज तिथे आणखी तीन वर्षे खेळले. एकूण १५ हंगाम, २१८ सामने, आणि त्यातला एकही चुकलेला नाही. रोज अंगावर आदळून घेण्याच्या या जागेसाठी मला हा आकडा सॅकपेक्षाही मोठा वाटतो.

ज्या १९७८ मध्ये संघाने त्यांना काढले, त्याच वर्षी त्यांनी मिनेसोटा विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवली. खेळत असतानाच शिक्षण चालू होते आणि खेळाडूंच्या संघटनेत सहकाऱ्यांची बाजू मांडण्याचे कामही. पुढे वकिली, मग राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलचे कार्यालय, आणि १९९२ च्या निवडणुकीतून राज्याचे सर्वोच्च न्यायालय. (अमेरिकेत प्रत्येक राज्याचे असे स्वतंत्र न्यायालय असते आणि मिनेसोटात न्यायमूर्ती मतदानाने निवडले जातात.) त्या न्यायालयावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. १९८८ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतले, ती वास्तू ओहायोतील कँटन या त्यांच्या जन्मगावीच आहे आणि ती उभी राहत असताना किशोरवयीन पेज यांनी त्या बांधकामावर काम केले होते. समारंभात खेळाडूची ओळख करून द्यायला बहुधा एखादा प्रशिक्षक असतो. पेज यांनी मिनिआपोलिसमधील एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावले आणि स्वतः शिक्षणावर बोलले.

सत्तरीच्या नियमाप्रमाणे ते २०१५ मध्ये न्यायासनावरून उतरले. आपण पाहिलेली शाळा पूर्वी अलेक्झांडर रॅमसी या गव्हर्नरांच्या नावाची होती. त्यांनी मूलनिवासी डकोटा लोकांच्या निर्दालनाची भाषा केली होती, म्हणून हे नाव नको, असे तिथल्या विद्यार्थ्यांनीच लावून धरले आणि २०१७ मध्ये ते बदलले.