वाचक विचारतात : खिशात मावणारी चिनी फाउंटन पेने

प्रश्न : माझे काम दिवसभर उभ्याने चालते आणि मध्येच दोन-चार ओळींच्या नोंदी कराव्या लागतात. खिशात सहज राहील असे छोटे, स्वस्त फाउंटन पेन हवे आहे. चिनी पेनांची इतकी नावे समोर येतात की निवड करणे कठीण जाते.

उत्तर : कंपनीचे नाव पाहण्याआधी आपण कसे लिहिता ते पाहावे. उभ्याने दोन ओळी लिहिणाऱ्याला आटे फिरवून टोपण काढायचे म्हणजे दोन्ही हात गुंततात. त्याच्यासाठी बटण दाबताच निब बाहेर येणारे पेन सोयीचे असते. जपानच्या पायलट कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या ‘कॅपलेस’ पेनाच्या धर्तीवर माजोन कंपनीने ‘ए-वन’ हे पेन बाजारात आणले आहे. (जुन्या जाहिरातींत दिसणारे ‘मूनमन’ हे याच कंपनीचे आधीचे नाव.) या पेनाची क्लिप निबेच्या बाजूला असल्यामुळे खिशात निब आपोआप वर राहते आणि गळतीचा धोका कमी होतो, मात्र हीच क्लिप लिहिताना बोटांच्या मध्ये येते आणि काहींना ती शेवटपर्यंत सवयीची होत नाही. विनाक्लिपचे ए-वनही मिळते, पण ते खिशात आडवे पडते, म्हणून आपल्यासाठी मी क्लिपचेच सुचवीन.

बसून पानभर लिहिण्याची वेळ वरचेवर येत असेल, तर टोपण मागे लावल्यावर पूर्ण लांबीचे होणारे आखूड पेन घ्यावे. माजोनचे ‘वानचाय मिनी’ हे त्यातले सर्वांत नेटके. यात थेट दांड्यातच ड्रॉपरने शाई भरतात, त्यामुळे आकाराच्या मानाने शाई भरपूर मावते. हे इतके आखूड नको असेल, तर आट्यांच्या टोपणाचे ‘जिन्हाओ ८२’ पाहावे; ते मध्यम आकाराचे आहे आणि त्यात कार्ट्रिज (शाईने भरलेली तयार नळी) व कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून भरायची नळी) दोन्ही चालतात.

प्रश्न : ड्रॉपरने भरायचे छोटे पेन घेतले. पहिले काही दिवस ते उत्तम चालले, परंतु शाई निम्म्यावर आल्यापासून लिहिताना अचानक मोठा थेंब कागदावर पडतो. पेन सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. शाई संपत जाते तशी तिची जागा हवा घेते आणि ही हवा हाताच्या किंवा अंगाच्या उबेने प्रसरण पावते. समजा, दांड्यात १ मिलिलिटर हवा आहे आणि तिचे तापमान २५ अंशांवरून ३५ अंश सेल्सिअसवर गेले, तर तिचे आकारमान साधारण ३ टक्क्यांनी, म्हणजे ०.०३ मिलिलिटरने वाढते. आकडा किरकोळ वाटतो, पण शाईचा एक थेंबच मुळात सुमारे ०.०५ मिलिलिटरचा असतो. निबेखालच्या फीडला, म्हणजे निबेपर्यंत शाई पोचवणाऱ्या भागाला, जे बारीक पापुद्रे दिसतात, ते अशी जादा शाई धरून ठेवण्यासाठीच असतात. ते आधीच भरलेले असले की उरलेली शाई कागदावर येते. मोठ्या पेनात कन्व्हर्टर आणि दांड्याची भिंत यांच्यामधली हवा उष्णतेला काही प्रमाणात अडवते. ड्रॉपरच्या पेनात तो आडोसा नसतो.

म्हणून शाई निम्म्यावर येताच पेन पुन्हा भरावे, अगदी संपण्याची वाट पाहू नये. खिशात निब वरच्या दिशेला ठेवावी आणि टोपण उघडतानाही ती वरच असावी, म्हणजे वाढलेल्या दाबाने शाईऐवजी हवा बाहेर पडते. थेंब निबेतून न येता जोडातून झिरपत असेल, तर मात्र कारण वेगळे आहे. अशा वेळी आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि रबरी कडे जागेवर आहे ना, ते तपासावे. पेट्रोलियम जेली वापरू नये, तिने काही प्रकारचे रबर फुगते.

प्रश्न : नवे पेन कागदावर खरडते आणि मध्येच शाई सोडत नाही. स्वस्त निबेचा हा दोषच समजावा का?

उत्तर : स्वस्त चिनी पेनांत एकाच मॉडेलची दोन पेने सारखी निघतीलच असे नसते, हे मान्य करावे लागते, पण यातील पुष्कळ दोष घरी दूर होतात. आधी साध्या पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून पेन आतून धुवावे आणि मग नुसत्या पाण्याने खळखळून काढावे, कारण कारखान्यातल्या तेलाचा अंश फीडमध्ये राहिला तर शाई अडते. त्यानंतर भिंगातून निब समोरून पाहावी. तिची दोन टोके समपातळीत नसतील, एक केसभर वर असेल, तर एका दिशेने ओढताना पेन गुळगुळीत चालते आणि दुसऱ्या दिशेने खरडते. वर असलेले टोक नखाने अगदी हलके खाली दाबावे, पुन्हा भिंगातून पाहावे आणि गरज असेल तरच पुन्हा दाबावे. पॉलिश पेपरवर निब घासण्याची घाई करू नये. टोकाची घासून गेलेली धातू परत येत नाही.

निबेच्या जाडीकडेही लक्ष द्यावे. चिनी पेनांवर ०.३८ आणि ०.५ मिलिमीटर असे आकडे आढळतात. ०.३८ ची निब बारीक चिनी लिपीला साजेशी असते, पण तिची थोडी खरखर स्वाभाविक आहे. वेगाने लिहिणाऱ्याने ०.५ घ्यावी.

प्रश्न : चिनी पेने म्हणजे दुसऱ्यांच्या नकला, मग ती विकत घेणे योग्य आहे का?

उत्तर : दुसऱ्याचे नाव कोरून विकलेले पेन ही फसवणूक आहे आणि ते घेऊ नये. रचनेवरून प्रेरणा घेऊन स्वतःच्या नावाने विकणे ही निराळी गोष्ट आहे. शांघायच्या ‘हिरो’ कंपनीची सुरुवात १९३१ ची. तिच्या ‘६१६’ या पेनावर १९४१ च्या पार्कर ५१ ची छाप उघड दिसते, पण त्यावर नाव हिरोचेच आहे. या ६१६ च्यासुद्धा बनावट आवृत्त्या विकल्या जातात, यावरून त्या नावाला स्वतःची पत आहे हे दिसते. शिवाय पेनबीबीएससारख्या कंपन्या स्वतःच्या कल्पनेची पेनेही घडवतात. मूळ पेनाचे नाव न लपवता सांगणारा विक्रेता मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

प्रश्न : एका चिनी पेनाचे कार्ट्रिज दुसऱ्यात सैल बसते, असे का?

उत्तर : चिनी कार्ट्रिज तोंडाच्या व्यासानुसार २.६ आणि ३.४ मिलिमीटर अशा दोन मापांची मिळतात आणि पेनही त्यांपैकी एकाच मापाचे असते. सैल कार्ट्रिज चिकटपट्टी लावून बसवू नये. पेनाचे माप पाहून योग्य पाकीट मागवावे. आखूड पेनात लांब कार्ट्रिज मावत नाही, हेही मागवताना ध्यानात ठेवावे.