उमरेडची खाण, काटोलची संत्री आणि जीआयएसची इंटर्नशिप

तुझा प्रश्न मला समजला तो असा: बी.एस्सी. भूशास्त्राचं शेवटचं वर्ष, घर उमरेडला, कॉलेज नागपुरात. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती मांडणं) आणि रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) यांतच काम करायचं आहे. एक खासगी क्लास ३ महिन्यांच्या कोर्सचे ४५,००० रुपये मागतो आहे आणि सोबत ‘इंटर्नशिपची हमी’ देतो आहे. ते भरावेत, की पुणे-हैदराबाद गाठावं, की नागपुरातच काही आहे? तू ताई म्हणून विचारलंस, म्हणून मीही ‘तू’ म्हणूनच लिहिते.

पैसे भरू नकोस. या क्षेत्रात मला १७ वर्षं झाली, त्यातली शेवटची सात-आठ मुलाखती घेणाऱ्या बाजूला बसून गेली. असली हमीची प्रमाणपत्रं घेऊन आलेली मुलंमुली मी पाहिली आहेत. त्यांना बटणं माहीत असतात, पण ‘हे क्षेत्रफळ हेक्टरमध्ये कसं काढलं?’ एवढं विचारलं की गप्प होतात. एका मुलीने वडिलांची एफडी मोडून फी भरली होती. तिची ‘इंटर्नशिप’ म्हणजे त्याच क्लासच्या मागच्या खोलीत दोन महिने इमारतींच्या कडा गिरवणं. पोरगी हुशार होती. तिचं सहा महिन्यांचं नुकसान झालं, त्याचा मला आजही राग येतो.

सॉफ्टवेअर फुकट शिकता येतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि तुझ्या साध्या लॅपटॉपवर चालतं. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था ऑनलाइन आउटरीच कोर्स घेते, त्याला पैसे लागत नाहीत आणि प्रमाणपत्रही मिळतं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची १० मीटरची चित्रं (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) मोफत, लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची १९७२ पासूनची सगळी साठवण मोफत, इस्रोच्या एनआरएससी या केंद्राचं उपग्रहचित्रांचं भूनिधी पोर्टल आहेच. लँडसॅटची साठवण जगाला खुली झाली ती २००८ मध्ये. मी तेव्हा नुकती शिकत होते. त्याआधी एकेका चित्रासाठी विभागाला पत्रव्यवहार करावा लागायचा आणि एकच सीडी दहा जणांत फिरायची. तू ज्या काळात शिकते आहेस, त्यात डेटाची अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती विषयाची.

हेच मला तुला सगळ्यात आधी सांगायचं आहे. ‘मला जीआयएस येतं’ म्हणणारे पुष्कळ आहेत. ‘मला दगड कळतो आणि तो नकाशावर मांडता येतो’ म्हणणारे कमी आहेत, आणि काम त्यांना मिळतं. तुझ्याकडे भूशास्त्र आहे. ते सोडून नुसती ‘जीआयएसवाली’ होऊ नकोस.

आता नागपूरचं सांगते, कारण आपल्याकडच्या मुलांना आपल्याच शहरात काय आहे ते माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. व्हीएनआयटीच्या आवारात एमआरसॅक आहे, म्हणजे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, १९८८ पासूनचं. राज्य सरकारच्या बऱ्याच विभागांचं नकाशांचं काम तिथून होतं. अमरावती रोडला एनआरएससीचं मध्य विभागाचं प्रादेशिक केंद्र आहे, ते थेट इस्रोचं. त्याच रस्त्यावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालय आहे, ज्याला सगळे एनबीएसएस म्हणतात. देशाच्या मातीचे नकाशे तिथे बनतात. सिव्हिल लाइन्सला भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आणि वन विभागाचं वनभवन. सेमिनरी हिल्सला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय. जरीपटक्याला कोळशाच्या नियोजनाचं काम करणारं सीएमपीडीआयचं विभागीय केंद्र. शिवाय पर्यावरण संशोधन करणारी नीरी आहे, केंद्रीय भूजल मंडळ आहे. आयटी पार्कला सीन्सिससारखी खासगी कंपनी आहे. हे सगळं एका स्कूटीच्या टाकीत पाहून होतं. एवढं एका गावात असताना आधी इथली दारं ठोठावून पाहा, मग हैदराबादचं तिकीट काढ.

पण दार ठोठावायचं म्हणजे बायोडेटा घेऊन रिसेप्शनला उभं राहायचं नव्हे. ‘मॅडम, काही इंटर्नशिप आहे का’ असं विचारणाऱ्याला कुणीच काही देऊ शकत नाही, कारण त्याला काय हवंय हे त्यालाच माहीत नसतं. एक पान लिहून घेऊन जा: भाग कोणता, डेटा कोणता, पद्धत काय, किती आठवडे, आणि शेवटी काय हाती येईल. सोबत विभागप्रमुखांचं पत्र आणि बोनाफाइड. सरकारी संस्थांमध्ये पत्र कॉलेजमार्फतच जायला हवं. आधी त्या शास्त्रज्ञाचे एक-दोन शोधनिबंध वाचून ईमेल करायचा, मग भेटायचं. उन्हाळ्यासाठी हालचाल जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू कर, एप्रिलपर्यंत जागा भरलेल्या असतात. इस्रोच्या केंद्रांसाठी ६० टक्के किंवा १० पैकी ६.३२ सीजीपीएची अट असते. पदवीच्या मुलांना तिथे छोट्या मुदतीचं काम मिळतं, लांब मुदतीचं एम.एस्सी. किंवा एम.टेक.च्या प्रबंधासाठी. विद्यावेतनाची आशा धरू नकोस. उमरेड-नागपूर जाण्यायेण्याचा आणि डब्याचा खर्च घरी आधीच सांगून ठेव.

त्या एका पानात काय लिहायचं, हे तुझ्या बाबतीत मला डोळ्यांसमोर दिसतं आहे. तुझ्या घराजवळ उमरेडची ओपनकास्ट कोळसा खाण आहे. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवर (नकाशाच्या क्रमांकित पानांवर) तो भाग ५५ पी/५ मध्ये येतो. लँडसॅटची १९९० पासून साधारण दर दहा वर्षांची चित्रं घे, शेवटचं सेंटिनेल-२ चं घे. खड्डा किती वाढला, वरची माती-दगड काढून रचलेले ओव्हरबर्डनचे ढीग कुठे सरकले, त्या ढिगांवर केलेली झाडं जगली की नाही, एवढं मांड. हे शोभेचं काम नाही. कोळसा खाणींची जमीन पुन्हा कितपत पूर्ववत केली, याची उपग्रहावरून तपासणी सीएमपीडीआय प्रत्यक्षात करतं. खाण ब्यूरोची २०१६ पासूनची निगराणी यंत्रणाही याच धर्तीची: प्रमुख खनिजांच्या खाणपट्ट्यांभोवती ५०० मीटरपर्यंत बेकायदा खणलं जातंय का, हे ती उपग्रहाच्या चित्रांवरून पाहते. म्हणजे तुझं एक पान वाचणाऱ्याला ते लगेच ओळखीचं वाटेल.

करायला घेशील तेव्हा अडशील. कोळसा काळा दिसतो आणि खड्ड्यात साचलेलं खोल पाणीही काळं दिसतं, क्लासिफिकेशन (चित्रातले ठिपके संगणकाने प्रकारांत वाटणं) दोन्ही एकत्र टाकतं. तिथे एसडब्ल्यूआयआर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा बँड मदतीला येतो, पाणी त्यात जवळजवळ शून्य होतं. ओव्हरबर्डनचा ताजा ढीग आणि उन्हाळ्यातलं पडीक वावर यांचीही गल्लत होईल. जे जे अडलं आणि कसं सोडवलंस ते तारखेसह वहीत लिहून ठेव. मुलाखतीत मी नकाशा अर्धा मिनिट पाहते आणि चुका अर्धा तास विचारते.

माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे कळेल. सुरुवातीच्या दिवसांत मला काटोल-नरखेड पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागा काढायच्या होत्या. हिशोब सोपा वाटला. एप्रिल-मेमध्ये गहू-हरभरा निघालेला, कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या, वावरं उघडी. जे हिरवं ते बाग. एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, काढला, मर्यादा ठरवली, नकाशा तयार. मग काटोलकडे तपासायला गेलो तर मी ‘पडीक’ दाखवलेल्या जागी दहा-बारा वर्षांची झाडं उभी, पण पानं मलूल, निम्मी गळालेली. मला वाटलं बाग वाळली. शेतकरी काका म्हणाले, ‘वाळली नाही बाई, ताण दिला आहे. मृगाचा बहार घ्यायचा आहे.’ मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये पाणी तोडतात, आंबिया बहारासाठी तो ताण डिसेंबर-जानेवारीत असतो. म्हणजे एका तारखेच्या चित्रावर निम्म्या बागा सुटणारच होत्या. दोन-तीन तारखांची चित्रं एकत्र घेतली तेव्हा काम जमलं. हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मदतपानात लिहिलेलं नव्हतं. काकांना ते शाळेत असल्यापासून माहीत होतं.

त्याच कामात दुसरा धडा मिळाला, तो प्रोजेक्शनचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याच्या पद्धतीचा. यूटीएम ही त्यातली नेहमीची पद्धत पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडते आणि ७८ अंश रेखांशावर झोन बदलतो. नागपूर, वर्धा, काटोल झोन ४४ मध्ये, अमरावती शहर झोन ४३ मध्ये, आणि वरुड पुन्हा ४४ मध्ये. एकाच अमरावती जिल्ह्याचे दोन भाग होतात. संत्र्याचा पट्टा नेमका ही रेघ ओलांडतो. दोन जणांनी केलेले लेयर, म्हणजे नकाशाचे थर, मी न तपासता जोडले आणि एक तालुका उचलून भलतीकडेच पडला. तेव्हापासून कुठलीही फाइल हातात आली की मी आधी प्रोजेक्शन पाहते. तूही ही सवय लाव. आणि मीटरऐवजी अक्षांश-रेखांशाच्या अंशांमध्ये असलेल्या लेयरवर क्षेत्रफळ कधी काढू नकोस. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

अशाच स्थानिक गोष्टी आणखी आहेत. खरिपात ढगांमुळे सेंटिनेल-२ चं स्वच्छ चित्र मिळणं कठीण, तेव्हा ढगांआडूनही पाहणारी रडारची सेंटिनेल-१ वापरावी लागते. ऑक्टोबरच्या शेवटी सोयाबीन निघून गेलेलं असतं, कापूस आणि तूर उभी असते, म्हणून ती तारीख पीक ओळखायला सोन्यासारखी. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव भरून वाहिला, नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा अनेकांनी विचारलं की उपग्रहावरून पूर दाखवता येईल का. काही तासांत येऊन ओसरणारा शहरी पूर उपग्रहाच्या फेरीत सापडेलच असं नाही. तिथे उंचीचं मॉडेल, नाल्यांचं जाळं आणि काँक्रीटखाली गेलेली जमीन यांचा अभ्यास कामी येतो. काय दिसत नाही, हे सांगता येणं हीसुद्धा या कामातली कमाईच.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात. बी.एस्सी.वर थांबू नकोस. एम.एस्सी. भूशास्त्र केलंस तर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची संयुक्त परीक्षा देता येते, त्यातून भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि भूजल मंडळ दोन्हीकडे वाट जाते. नेट किंवा गेट असेल तर संशोधन प्रकल्पांतल्या जेआरएफ (कनिष्ठ संशोधक) जागांसाठी पात्र ठरतेस. तिथे २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. गेटमध्ये २०२२ पासून जिओमॅटिक्सचा (मोजणी आणि नकाशांच्या तंत्राचा) वेगळा पेपरही आहे. पण मग हेही ऐकून ठेव की प्रकल्पांवरच्या बहुतेक जागा कंत्राटी असतात, मुदत संपली की नवा प्रकल्प शोधावा लागतो. मी स्वतः तशी चार वर्षं काढली. घरच्यांना ‘पक्की नोकरी’ची सवय असेल तर हे त्यांच्याशी आधीच बोल.

खासगीत सुरुवात बहुधा डिजिटायझेशन (नकाशावरच्या रेषा संगणकात गिरवणं) आणि तपासणीपासून होते. कंटाळवाणं असतं, पण वर्षभर कर. ओव्हरलॅप, गॅप, चुकलेला गट नंबर, सातबाऱ्याशी न जुळणारं क्षेत्र, हे डोळ्यांना दिसायला लागतं. वर्षाच्या वर तेच करत बसू नकोस. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे बनवण्यावरची परवानग्यांची जुनी बंधनं सैल केली, स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोन मोजणी झाली, त्यामुळे खासगी काम वाढलं आहे. ड्रोन उडवण्याचं प्रमाणपत्र मात्र लगेच घेऊ नकोस, त्याचे पैसेही बरेच लागतात. ड्रोनने आणलेल्या चित्रांवर पुढची प्रक्रिया करणारी माणसं कमी पडतात. ते शीक. सोबत थोडं पायथन शीक, रोज अर्धा तास पुरे.

एक भीती तू लिहिली आहेस की घरचे म्हणतात, मुलीने खाणीत-जंगलात फिरायचं का. मलाही म्हणाले होते. माझ्या आईला मी पहिल्या फील्डला सोबत नेलं, रामटेकजवळच्या मनसरला. मँगनीजचे काळे ढीग, जीपीएस, माझी वही, सगळं तिने पाहिलं, झाडाखाली बसून डबा खाल्ला, आणि नंतर कधी अडवलं नाही. तुझ्या आईबाबांपैकी कुणाला तरी एकदा सोबत घे.

उमरेडचं काम सुरू केलंस तर खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नकोस, ढिगांवर तर मुळीच चढू नकोस, त्यांची माती सरकते. पन्नासेक ठिकाणं बाहेरच्या रस्त्यांवरून आणि शेतांच्या बांधांवरून तपासता येतात. प्रत्येक ठिकाणी जीपीएसचा बिंदू, चार दिशांचे चार फोटो, आणि शेजारच्या वावरातल्या माणसाला एकच प्रश्न: इथे आधी काय होतं, केव्हापर्यंत? तो सांगेल ते वर्ष लिहून घे आणि घरी येऊन लँडसॅटच्या त्याच वर्षाच्या चित्राशी ताडून पाहा. पहिले दहा बिंदू झाले की मला पाठव, मी बघते.