आयसरमधून अमेरिकेत एमडी-पीएचडी करायची आहे, अर्ज कसा करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत बीएस-एमएसच्या चौथ्या वर्षाला आहात, पासपोर्ट भारतीय, अमेरिकेत एमडी (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी, आपल्या एमबीबीएससारखी) आणि पीएचडी एकत्र करायची आहे. एमकॅट ही तिथली मेडिकल प्रवेशपरीक्षा कधी द्यायची, पेपर किती लागतात आणि फी खरंच माफ होते का?

एमकॅट आणि पेपर यांच्याकडे नंतर येतो. भारतीय विद्यार्थ्याचा अर्ज सहसा त्यावरून अडत नाही. तो दोन साध्या गोष्टींवर अडतो: नागरिकत्व कुठलं आणि पदवी कुठली.

आधी नागरिकत्व. 'फी माफ, वर स्टायपेंड' ही जी ख्याती आहे ती मुख्यतः एमएसटीपी नावाच्या योजनेची. अमेरिकी सरकारची एनआयएच ही संस्था १९६४ पासून यासाठी विद्यापीठांना ट्रेनिंग ग्रँट देते. हा पैसा फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांवर खर्च करता येतो. बाहेरच्या विद्यार्थ्याला घ्यायचं तर विद्यापीठाला स्वतःच्या खिशातून सात-आठ वर्षांची फी आणि स्टायपेंड उभं करावं लागतं. त्यामुळे बरीच विद्यापीठं परदेशी अर्ज घेतच नाहीत, आणि जी घेतात तीही वर्षाला एखाद-दोन जागांपुरतीच. देशभरात दरवर्षी साधारण ७०० जण या अभ्यासक्रमांना प्रवेश घेतात, त्यात परदेशी मुलं फारच थोडी. येल, सेंट लुईचं वॉशिंग्टन विद्यापीठ, न्यूयॉर्कमधला कॉर्नेल-रॉकफेलर-स्लोन केटरिंग यांचा संयुक्त कार्यक्रम ही परदेशी मुलांना घेत आलेल्यांपैकी काही नावं. पण धोरण बदलत असतं, म्हणून अर्जाच्या वर्षी प्रत्येकाची वेबसाइट पुन्हा पाहायचीच. एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची संघटना परदेशी अर्ज स्वीकारणाऱ्या एमडी-पीएचडी कार्यक्रमांची यादी ठेवते. तिथून सुरुवात करा.

आता पदवी. यातच आयसर, आयआयटी, सेंट झेवियर्स, फर्ग्युसन अशा चांगल्या ठिकाणची मुलंही फसतात. बहुतेक अमेरिकी मेडिकल कॉलेजं अमेरिकेत किंवा कॅनडात किमान एक वर्ष क्रेडिट घेऊन शिकलेलं असणं मागतात. काही तर अख्खी पदवीच तिथली मागतात. मेडिकलचे अर्ज ज्या ॲमकॅस नावाच्या सामायिक पोर्टलवरून जातात, ते परदेशी कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट स्वीकारत नाही, मार्क तपासत नाही आणि तुमचा जीपीए काढतही नाही. आयसरचा सीजीपीए ९.४ असला तरी ॲमकॅसच्या हिशेबात ती जागा कोरीच राहते. परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या डब्ल्यूईएस या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून घेतलं की काम झालं, असं पुष्कळजण सांगतात. ते अर्धसत्य आहे. काही कॉलेजं ते वेगळं मागवतात, पण ॲमकॅसला त्याचा उपयोग नाही आणि एक वर्षाची अट त्याने पूर्ण होत नाही.

आयसरवाल्यांसाठी एक खास सूचना. पाचव्या वर्षाचा प्रबंध बोस्टनमध्ये एखाद्या लॅबमध्ये केला म्हणजे 'अमेरिकेत एक वर्ष शिकलो' असं होत नाही. वर्गात बसून, ग्रेड मिळवून, तिथल्या विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर उमटलेली क्रेडिट लागतात. लॅबमधलं वर्ष संशोधनाच्या खात्यात जमा होतं, शिक्षणाच्या नाही.

म्हणजे तुम्ही आज आहात तिथून सरळ अर्ज करण्याचा मार्ग अतिशय अरुंद आहे. मधली एक पायरी घ्यावी लागेल आणि खरा निर्णय तिथेच आहे.

एक पर्याय म्हणजे अमेरिकेत मास्टर्स किंवा पोस्ट-बॅक, म्हणजे पदवीनंतर मेडिकलला लागणारे विषय पुरे करण्याचा अभ्यासक्रम. याने क्रेडिटची अट सुटते, पण पैसा तुमचा जातो आणि पुढे जागा मिळेल याची हमी नसते. शिवाय मास्टर्सची क्रेडिट काही कॉलेजं पदवीच्या अटीत धरत नाहीत, म्हणून फी भरण्याआधी ईमेलने लेखी विचारून घ्या.

दुसरा पर्याय आधी पीएचडी. अमेरिकेत पीएचडीला परदेशी मुलं मोठ्या संख्येने का दिसतात आणि एमडी-पीएचडीला का नाही, याचं कारण पुन्हा पैशाच्या वाटेत आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्याला गाइडच्या संशोधन अनुदानातून पगार देता येतो आणि त्याला नागरिकत्वाची अट नसते. एमडीच्या चार वर्षांना असं अनुदान देणारा गाइड नसतो. पीएचडी करता करता त्याच विद्यापीठात ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, इंग्रजी लेखन असे पदवी पातळीचे विषय सत्राला एक या गतीने घेता येतात. पण त्यानंतर एमडी करायची तर तिचा खर्च पुन्हा स्वतःचा, हे लक्षात असू द्या.

तिसरा मार्ग एमबीबीएस. नीटची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली, त्यामुळे हे दार कागदोपत्री तुम्हाला उघडं आहे. साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, मग यूएसएमएलई ही अमेरिकेची डॉक्टरी परवान्याची परीक्षा आणि तिथे रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं पदव्युत्तर प्रशिक्षण. इंटर्नल मेडिसिनमध्ये दोन वर्षं क्लिनिकल आणि तीन वर्षं संशोधन असा अधिकृत रिसर्च पाथवे आहे. भारतातले कितीतरी डॉक्टर-शास्त्रज्ञ तिकडे असेच पोचतात. मात्र एक लक्षात घ्या: एमबीबीएस झाल्यावर पुन्हा अमेरिकी एमडीला अर्ज करण्याच्या भानगडीत पडू नका. वैद्यकीय पदवी असलेल्यांना पुष्कळ कॉलेजं घेत नाहीत.

चौथं नाव सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएसचं. तिथे पदवीनंतरचाच एमडी आहे, एमडी-पीएचडीची सोय आहे, परदेशी पदवी चालते आणि ॲमकॅसची कटकट नाही. एमकॅट किंवा गॅमसॅट ही तशीच दुसरी प्रवेशपरीक्षा लागते. शिष्यवृत्तीसोबत काही वर्षं तिथेच काम करण्याचा करार येऊ शकतो, तो सही करण्याआधी नीट वाचा. आयसरच्या विद्यार्थ्याने हे नाव यादीत पहिल्या तीनात ठेवावं असं माझं मत आहे. आपल्याकडे ते उगाचच दुर्लक्षित आहे.

क्रेडिटची अट पुरी झाली असं धरून आता अर्जाकडे.

ॲमकॅस मेच्या सुरुवातीला उघडतं आणि मेअखेरीपासून अर्ज सबमिट करता येतो. अभ्यासक्रम पुढच्या वर्षी जून ते ऑगस्टमध्ये सुरू होतो, म्हणजे सव्वा वर्ष आधी तयार असायला हवं. सबमिट केल्यावर ट्रान्सक्रिप्टची पडताळणी होते. जूनमध्ये गर्दी झाली की तिला सहा आठवडेही लागतात. शेवटची तारीख ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली दिसते, पण तिच्या भरवशावर राहिलात तर मुलाखतींच्या जागा भरलेल्या असतात. जून ही खरी मुदत समजा. जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक कॉलेजचा स्वतःचा दुसरा फॉर्म, म्हणजे सेकंडरी, येतो, तो दोन आठवड्यांत परत गेला पाहिजे. मुलाखती साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी. टेक्सासमधल्या बहुतेक कॉलेजांसाठी टीएमडीएसएएस हे वेगळं पोर्टल आहे.

एमकॅट अर्जाच्या वर्षी एप्रिलपर्यंत उरकलेली बरी, निकालाला महिना लागतो. गुण ४७२ ते ५२८. एमडी-पीएचडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५१६ च्या आसपास असते आणि परदेशी उमेदवाराने त्याच्या वरच असावं. चार विभाग आहेत. फिजिक्स-केमिस्ट्री आणि बायोलॉजी आयसरच्या मुलाला जड नाहीत, फक्त कॅल्क्युलेटर मिळत नाही, तेव्हा लॉगरिदम आणि अंदाजे भागाकार हाताने करायची सवय ठेवा. मार्क जातात ते कार्समध्ये, म्हणजे उतारे वाचून उत्तरं देण्याच्या विभागात. ९० मिनिटांत ९ उतारे, ५३ प्रश्न आणि विषय तत्त्वज्ञान, कला, इतिहास असे. पाठांतराने तो भाग सुधारत नाही. सहा महिने रोज दोन उतारे वेळ लावून सोडवणं हाच मार्ग. मानसशास्त्र-समाजशास्त्राचा विभाग नवा वाटेल, पण तो शब्दावलीचा आहे आणि दोन महिन्यांत बसतो. परीक्षा वर्षात तीनदा, सलग दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते. नोंदवून त्या दिवशी गेलाच नाहीत तरी ती परीक्षा यात मोजतात.

नावाची भानगड आत्ताच निस्तरा. एमकॅटच्या नोंदणीतलं पहिलं नाव आणि आडनाव पासपोर्टशी तंतोतंत जुळावं लागतं. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये असतं, आयसरच्या कागदांवर आडनाव आधी आणि ॲमकॅसमध्ये आणखी तिसरंच. तिन्ही ठिकाणी पासपोर्टप्रमाणेच लिहा. केंद्रावरून परत पाठवलं तर फी बुडते. ती परदेशी केंद्राच्या जादा आकारासह ४५० डॉलरच्या वर जाते.

निबंध तीन. वैयक्तिक निबंध ५,३०० अक्षरांचा. 'एमडी-पीएचडी का' याला ३,००० अक्षरं. संशोधनाच्या अनुभवाला १०,०००. यातला मधला सगळ्यात लहान आणि सगळ्यात अवघड. 'रुग्णांची सेवा आणि विज्ञानाची आवड' एवढ्यावर तो संपला तर वाचणारा पुढे सरकतो. एकटी पीएचडी का पुरणार नाही, याचं ठोस उत्तर तिथे हवं: कोणता प्रश्न तुम्हाला रुग्णाच्या खाटेजवळ असल्याशिवाय सुचणारच नाही? संशोधनाच्या निबंधात लॅब, गाइड, महिने, प्रश्न, तुमच्या हातचं नेमकं काम आणि निष्कर्ष या क्रमाने लिहा. लॅबने काय केलं ते नको, तुम्ही काय केलं ते. मुलाखतीत त्याच मजकुरावर विचारतात: कंट्रोल कोणता घेतला, तो का, उलट निकाल आला असता तर पुढचा प्रयोग कोणता.

पेपर किती लागतात? छापील पेपर ही अट नाही. एकाच प्रश्नावर दीड-दोन वर्षं टिकून केलेलं काम चार ठिकाणच्या दोन-दोन महिन्यांच्या उन्हाळी प्रकल्पांपेक्षा जास्त मोजलं जातं.

शिफारसपत्रं प्रत्येक मोठ्या लॅबच्या गाइडकडून लागतात. एखाद्याचं नसलं तर का नाही, हा प्रश्न येतोच. आपल्याकडची पत्रं 'सालस, कष्टाळू, वर्तणूक उत्तम' अशा दाखल्याच्या भाषेत असतात आणि अमेरिकी समितीला ती थंड वाटतात. सरांना तुमच्या कामाचं एक पानी टिपण द्या: कोणता प्रयोग फसला, तो कसा सोडवला, कोणती कल्पना तुमची होती. पत्रावर लेटरहेड, तारीख आणि सही आहे ना, ते पाहून घ्या.

डॉक्टरांबरोबर उभं राहून काम पाहणं आपल्याकडे रीतसर नसतं, तरी ते अर्जात लागतंच. ओळखीच्या डॉक्टरांच्या ओपीडीत परवानगी घेऊन ५०-६० तास बसा, तारखा वहीत टिपा. नुसतं पाहण्याबरोबर कर्करुग्णांना मदत करणाऱ्या किंवा पॅलिएटिव्ह केअरच्या संस्थेत वर्षभर दर आठवड्याला गेलात तर लिहायला खरं काही सापडेल.

खर्चाचा अंदाज: ॲमकॅसला पहिल्या कॉलेजचे १७५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाचे ४७ च्या आसपास. दहा-बारा ठिकाणचे सेकंडरी प्रत्येकी ७५ ते १५०. एएएमसीची फी-सवलत योजना तुमच्यासारख्या परदेशी अर्जदाराला लागू नाही.

फॉर्ममध्ये एक चौकट जपून भरा. 'एमडी-पीएचडीला निवड झाली नाही तर नुसत्या एमडीसाठी विचार करावा का?' तिथे सवयीने 'हो' करू नका. नुसत्या एमडीला फी माफी नाही. वर परदेशी विद्यार्थ्याकडून काही कॉलेजं एक ते चार वर्षांची फी प्रवेशाआधीच खात्यात अडकवून ठेवायला सांगतात. अमेरिकी सरकारी कर्ज तुम्हाला मिळत नाही आणि खासगी कर्जाला सहसा तिथला जामीनदार लागतो.

प्रवेश मिळाल्यावरचा हिशेबही आधीच मांडा. एफ-१ व्हिसावर शिक्षण होतं. पीएचडीच्या काळात एनआयएचची एफ-३० फेलोशिप तुम्हाला मागता येणार नाही, नंतरच्या के-९९ या पोस्टडॉकसाठीच्या अनुदानाला मात्र नागरिकत्वाची अट नाही. रेसिडेन्सी जे-१ व्हिसावर केलीत तर संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते, म्हणून एच-१बी हा नोकरीचा व्हिसा देणारी हॉस्पिटलं कोणती हे शेवटच्या वर्षाआधी बघून ठेवा.

सध्या एमकॅटची पुस्तकं विकत घेऊ नका. या आठवड्यात आठ-दहा कार्यक्रमांच्या ॲडमिशन ऑफिसला चार ओळींचा ईमेल टाका: एफ-१ विद्यार्थी घेता का, घेतल्यास एमडीच्या वर्षांचीही फी आणि स्टायपेंड पूर्ण मिळतं का, भारतीय पदवीबरोबर अमेरिकेतली किती क्रेडिट लागतात आणि ती पदवी पातळीचीच हवीत का. दुसऱ्या प्रश्नावर 'निधी उपलब्ध असल्यास' असं उत्तर आलं तर ते 'नाही' असं धरा आणि यादीतून नाव खोडा.