दोस्ती भिंतीवर काढायची असेल तर

हाय गं,

तुम्ही दोघी मैत्रिणी मिळून सोसायटीच्या भिंतीवर जे चित्र काढणार आहात, त्याचं स्केच मिळालं. व्हॉट्सअ‍ॅपवर नीट दिसेना म्हणून लॅपटॉपवर मोठं करून बघितलं. एकमेकांत गुंतलेले दोन हात, मागे किरणं, वर जाड अक्षरात ‘दोस्ती’. तुझी लाइन छान आहे, कुठेच अडखळत नाही, कलर पण मस्त निवडलेत. पण खरं सांगू का, हे चित्र मला कोणाचंच वाटलं नाही. असे हात बँकेच्या जाहिरातीत असतात, निवडणुकीच्या बॅनरवर पण असतात. तू आणि तुझी मैत्रीण शाळेपासून एकत्र आहात, इतक्या वेळा भांडलात, परत बोललात, त्यातलं या हातांमध्ये काय आलंय ते मला सापडेना. फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं हे नाहीये, म्हणून लिहितेय.

तुला कीथ हॅरिंग या अमेरिकन चित्रकारासारखं करायचंय ना, मग त्याच्यापासूनच बोलू. हा १९७८ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि १९८० च्या आसपास सबवे स्टेशनांवर काढायला लागला. तिथे जाहिरातीची जागा रिकामी असली की त्यावर काळा कागद चिकटवलेला असायचा, त्यावर हा साध्या पांढऱ्या खडूने चित्र काढायचा, आणि पोलीस कधीही येऊन पकडेल अशी अवस्था, पकडलाही बऱ्याच वेळा, त्यामुळे लाइन एका दमात, खोडाखोड नाही, डोळे-नाक काढायला वेळच नाही. तू ती जाड लाइन आणि भोवतीच्या रेघा बरोब्बर उचलल्यास. पण त्याची माणसं बघ, ती कधी नुसती उभी नसतात. कोणी कोणाला डोक्यावर उचललंय, कोणी कोणाच्या पोटातून आरपार उडी मारतोय, कोणी गळ्यात हात टाकून नाचतोय. चेहरा नसून सुद्धा कळतं की यांचं एकमेकांशी काहीतरी चाललंय. तुझ्या हातांचं काहीच चाललेलं नाही, ते फोटोसाठी पोज देऊन थांबलेत.

आणि हॅरिंग आणि त्याच्या दोस्तांची दोस्ती समजून घ्यायची तर चित्राचा विषय बघून भागत नाही, ते एकमेकांसोबत कसे वागले ते बघावं लागतं. मला सगळ्यात जास्त काय भिडतं सांगते. १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मायकल स्टुअर्ट नावाच्या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय आर्टिस्टला स्टेशनच्या भिंतीवर लिहिलं म्हणून पोलिसांनी पकडलं, ताब्यात असतानाच तो कोमात गेला आणि तेरा दिवसांनी वारला. हॅरिंगचा चित्रकार दोस्त जॉं-मिशेल बास्किया प्रचंड हादरला, कारण तो पण कृष्णवर्णीय, तो पण आधी भिंतींवर लिहायचा, म्हणजे स्टुअर्टच्या जागी तो स्वतः असू शकला असता. तो हॅरिंगच्या स्टुडिओत गेला आणि थेट तिथल्या भिंतीवरच चित्र काढलं, दोन पोलीस, हातात दांडके, मध्ये एक काळी आकृती. कॅनव्हास वगैरे काही नाही. पुढे हॅरिंगने तो स्टुडिओ सोडला तेव्हा त्याने भिंतीचा तेवढा तुकडा कापून काढला, त्याला फ्रेम केली आणि आपल्या बेडच्या वर टांगला. १९९० मध्ये एड्सने तो गेला, वय फक्त एकतीस, तोपर्यंत ते चित्र तिथेच होतं. म्हणजे विचार कर, एका दोस्ताने रडण्यासाठी दुसऱ्याची भिंत वापरली आणि दुसऱ्याने ती भिंतच सोबत नेली. मला तरी दोस्तीवरचं याहून मोठं काम माहीत नाही, आणि त्यात कुठे हातात हात नाहीये.

बास्किया १९८८ मध्ये गेला, सत्तावीस वर्षांचा होता. तेव्हा हॅरिंगने त्याच्यासाठी चित्र काढलं, त्यात पण त्याचा चेहरा नाही. बास्किया आपल्या चित्रांत तीन टोकांचा मुकुट काढायचा ना, तेच मुकुट एकावर एक टाकलेले, नुसता ढीग, आणि कॅनव्हास त्रिकोणी. ओळखणाऱ्याला लगेच कळतं कोणाबद्दल आहे. तुझ्या मैत्रिणीचं असं काय आहे? तिची ती मोठी स्टीलची बाटली? मधेच चप्पल काढून फुटपाथवर मांडी घालून बसायची सवय? ते काढ ना. ‘दोस्ती’ काढायला गेलीस की बॅनर होणार, तिला काढलंस की दोस्ती आपोआप येईल.

पॉप आर्टवाल्या अँडी वॉरहॉलचं पण थोडं सांगते, कारण तुम्ही दोघी एकाच भिंतीवर काम करणार आहात. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये बास्किया त्याच्यासोबत जेवला, घरी गेला आणि साधारण दोन तासांत दोघांचं एकत्र पोर्ट्रेट काढून ओलंच वॉरहॉलकडे पाठवून दिलं. मग १९८४-८५ मध्ये दोघांनी मिळून दीडशेच्या वर चित्रं केली. बहुतेक वेळा वॉरहॉल आधी कंपनीचा लोगो नाहीतर पेपरची हेडलाइन काढायचा आणि बास्किया येऊन त्यावर खुशाल रंग फासायचा, खोडायचा, लिहायचा. इतकी वर्षं सिल्कस्क्रीनवर, म्हणजे जाळीतून रंग छापून, काम करणाऱ्या वॉरहॉलने त्याच्यामुळे परत हातात ब्रश घेतला. १९८५ च्या त्यांच्या शोचं पोस्टर शोधून बघच, दोघं बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज घालून उभे आहेत. मला ते फार खरं वाटतं. दोस्तासोबत काम म्हणजे आपण जीव लावून काढलेल्यावर तो येऊन काहीतरी करणार आणि ते आपल्याला चालवून घेता आलं पाहिजे. तो शो समीक्षकांनी मात्र झोडपला, बास्कियाला वॉरहॉल वापरून घेतोय असं छापून आलं आणि दोघांमध्ये अंतर पडलं ते पडलंच. वॉरहॉल १९८७ च्या फेब्रुवारीत गेला. बाहेरचे लोक तुमच्या दोघींबद्दल पण बोलतील, कोण पुढे कोण मागे, कमेंटमध्ये सुरूच होतं ते, तर त्यांचं ऐकण्याआधी एकमेकींशी बोला.

आता नावाचा विषय. तू लिहिलंस की अक्षरं सगळी ती करणार आणि चित्र तू, आणि पुढे लिहिलंस की सही तुझी, कारण आयडिया तुझी. हे मला पटलेलं नाही. हॅरिंगसोबत एल ए टू म्हणून एक पोरगा होता, एंजल ऑर्टिझ, ओळख झाली तेव्हा जेमतेम चौदा-पंधराचा. त्याचा टॅग, म्हणजे भिंतीवर करतात ती सही, हॅरिंगने बघितला होता, लाइन आवडली म्हणून त्याला शोधला आणि मग दोघांनी कितीतरी वस्तू मिळून रंगवल्या, हॅरिंगच्या आकृत्या आणि मधली सगळी जागा भरणारी एल ए टूची गिचमिड अक्षरं. त्या कामांवर त्याचा टॅग आहे, तरी हॅरिंग गेल्यावर जगाच्या लक्षात एकच नाव राहिलं. याउलट हॅरिंगने १९८६ मध्ये अँडी माऊस केलं, उंदराच्या अंगावर वॉरहॉलचा चष्मा आणि केस, त्या प्रिंटवर हॅरिंगची सही आहे आणि वॉरहॉलची पण. मोठ्या माणसाचं नाव लिहायला कोणी विसरत नाही, चौदा वर्षांच्या पोराचं विसरतात. तुमच्या भिंतीवर दोघींची नावं एकाच साइजमध्ये, आणि इन्स्टावर पोस्ट टाकताना कोलॅब करूनच टाक, नंतर टॅग करते असं नको.

चित्राचं म्हणशील तर मला एक सुचतंय, बघ पटतं का. तुमची भिंत ट्रॅकच्या बाजूला आहे, दिवसभर विरार लोकलमधून हजारो बायका ती बघणार. तर लेडीज डब्यातली फोर्थ सीट काढ. तिघींच्या बाकड्यावर चौथीसाठी सरकणं, अर्धी मांडी बाहेर लटकतेय, एक पाय पॅसेजमध्ये, पर्स दुसरीच्या मांडीवर, कोणीतरी मटार सोलतेय आणि नाव सुद्धा माहीत नसलेली बाई अंधेरीला उतरताना जागा देऊन जाते. अनोळखी बायका रोजच्या रोज भेटून मैत्रिणी होतात, दसऱ्याला डबा सजवतात, हळदीकुंकू करतात, हे आपलं आहे, न्यूयॉर्कहून आणायला नको. आणि चार बायका एका बाकड्यावर म्हणजे जाड लाइनला काय सुंदर आकार मिळतो, खांदे, कोपरं, गुडघे सगळं एकमेकांत अडकलेलं. वांद्र्याच्या चॅपल रोडला भिंतीवरच्या चित्रांचे फोटो काढायला जातेस तेव्हाच एकदा दादर ते अंधेरी सकाळच्या गर्दीत वही घेऊन जा, उभं राहून जमेल तेवढं काढ. मोबाईलवर फोटो नको काढू, बायकांना आवडत नाही आणि बरोबरच आहे त्यांचं.

भिंतीचं आता. फ्रेंडशिप डेच्या आधी पूर्ण करायचा हट्ट सोड. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मुंबईत भिंत ओलीच असते, वर कितीही भारी रंग लावला तरी दिवाळीपर्यंत पोपडे सुटणार. पाऊस गेल्यावर भिंत नीट सुकू दे, मग तारेच्या ब्रशने शेवाळ आणि जुना चुना घासून काढायचा, धुवून परत सुकवायची, एक्स्टिरियर प्रायमर मारायचा आणि मग इमल्शन. रंगासाठी पांढऱ्यात स्टेनर, म्हणजे बाटलीतला घट्ट रंग, मिसळलं की स्वस्तात पडतं, स्प्रे कॅन फक्त आउटलाइनला ठेव, महाग जातात.

परमिशन तोंडी घेऊ नका. सोसायटीच्या सेक्रेटरीची सही असलेलं पत्र घे, आणि भिंतीचा फुटपाथकडचा भाग पण रंगवणार असाल तर महापालिकेच्या जी नॉर्थ वॉर्ड ऑफिसला अर्ज कर. २००९ मध्ये तुळशी पाईप रोडची ती लांबच्या लांब भिंत साध्या लोकांनी येऊन रंगवली ती पण परवानगीनेच, त्यामुळे लहान पोरं आणि आईबाबा बिनधास्त येऊन काढू शकले. भिंती विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा १९९५ पासून आहे आपल्याकडे, तुमच्यावर केस व्हावी अशी माझी अजिबात इच्छा नाही.

नवीन स्केच तिच्यासोबत बसून कर, एकटी नको. दोन रोलर, लांब दांडी आणि घडीची शिडी माझ्याकडे पडून आहे, नोव्हेंबरमध्ये घेऊन जा, शिडी जड आहे तेव्हा दोघी या.

तुझी,
ताई