नवऱ्याचं मेनोनाइट शेतकरी घराणं रशियातून कॅन्ससला आलं म्हणतात. १९व्या शतकातले त्यांचे कागद कुठे आणि कसे शोधायचे?

तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून नंतर वाचणाऱ्यांसाठी त्याचा गाभा आधी मांडते. नवरा कॅन्ससचा. त्याचे खापरपणजोबा १८७४ च्या आसपास आलेले मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) शेतकरी. सासूबाई म्हणतात आम्ही रशियन, डीएनए चाचणी म्हणते जर्मन आणि डच. घरात एक जुनं जर्मन बायबल आहे, त्यात लिहिलेली खापरपणजोबांची जन्मतारीख थडग्यावरच्या तारखेशी जुळत नाही. वंशावळीच्या वेबसाइटवर त्याच नावाची ढीगभर माणसं निघतात.

माझं सासर कॅनडातल्या मॅनिटोबाचं, याच समाजातलं. त्यामुळे ही वाट पायाखालची आहे.

आधी घरातलं भांडण मिटवू. रशियन, जर्मन, डच, तिन्ही खरं आहे. मेनोनाइट हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते मेनो सिमन्स नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडचे. १५३६ मध्ये त्यांनी कॅथलिक धर्मगुरूपद सोडलं. लहान मुलांना बाप्तिस्मा द्यायचा नाही आणि शस्त्र हाती धरायचं नाही, या दोन गोष्टींपायी त्यांच्या लोकांचा छळ झाला. त्यातले बरेच जण डान्झिगजवळच्या (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) व्हिस्तुला नदीच्या खोऱ्यात जाऊन राहिले. पाणथळ जमीन कोरडी करून कसायची हे त्यांचं कसब. १७७२ नंतर तो मुलूख प्रशियाकडे गेला. तिथे जमीन आणि लष्करी सेवा एकमेकांना बांधलेली, म्हणून यांच्या जमीनखरेदीवर बंधनं आली. तेव्हा रशियन सरकारच्या निमंत्रणावरून १७८९ मध्ये नीपर नदीकाठी खोर्तित्सा आणि १८०४ मध्ये मोलोच्ना या वसाहती वसल्या. दोन्ही आज युक्रेनमध्ये आहेत. १८७४ साली रशियाने सर्वांना सक्तीची लष्करसेवा लागू केली आणि १८८० पर्यंत साधारण १८,००० माणसं उत्तर अमेरिकेत आली. म्हणजे मूळ डच, घरात आणि देवळात जर्मन, आणि पासपोर्ट रशियाचा.

तारखांमधला फरक बरोबर १२ दिवसांचा आहे का ते मोजा. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं आणि १९व्या शतकात ते आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या १२ दिवस मागे होतं. बायबलात जुनी तारीख आणि दगडावर नवी, हे सर्रास सापडतं. फरक १२ असेल तर माणूस बहुधा एकच.

आता मुख्य मुद्दा. नावाच्या मागे लागू नका, गावाच्या आणि मंडळीच्या, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या गटाच्या, मागे लागा. या समाजात आडनावं थोडी आणि पहिली नावं त्याहून थोडी. पेटर, योहान, याकोब, हाइनरिख, आब्राहाम, कॉर्नेलियस. बायकांत मारिया, आना, काटारीना, हेलेना, आगानेथा. एकाच वसाहतीत एकाच वयाचे चार याकोब फ्रीझेन असणं ही रोजची गोष्ट. त्यात तान्हं मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत, त्यामुळे एका घरात दोन याकोब दिसले तर चक्रावू नका. मधल्या अक्षराने थोडी मदत होते. रशियात ते बहुधा वडिलांच्या नावाचं असे, अमेरिकेत पुष्कळदा आईच्या माहेरच्या आडनावाचं. पण गाव हाती नसेल तर नुसत्या नावावर बांधलेली वंशावळ वाळूवर उभी आहे. वेबसाइटवरची बहुतेक झाडं अशीच एकमेकांवरून उतरवलेली असतात.

म्हणून कॅन्ससमध्येच पुरेसा वेळ घालवा, रशियाला जायची घाई नको. पहिली चौकशी: खापरपणजोबा कुठल्या मंडळीचे सभासद होते? कॅन्ससची गंमत अशी, की काही मंडळ्या अख्ख्याच्या अख्ख्या उठून आल्या. मोलोच्नातल्या आलेक्झांडरवोल गावची मंडळी १८७४ मध्ये हॅम्बर्गहून सिंब्रिया आणि ट्यूटोनिया या दोन जहाजांतून आली आणि येताना आपलं मंडळीचं पुस्तक सोबत घेऊन आली. त्या पुस्तकाचा धागा रशियाच्याही मागे, व्हिस्तुलाकाठच्या पेशेखोवका गावापर्यंत जातो. ही मंडळी कॅन्ससमध्ये वसली ती गोसेलजवळ, तुमचं घराणं त्या परिसरातलं असेल तर निम्मं काम झालंच म्हणून समजा. ही आणि अशी पुस्तकं बघायला नॉर्थ न्यूटनच्या बेथेल कॉलेजमधलं मेनोनाइट ग्रंथालय आणि अभिलेखागार गाठा. माणसं मदतीला तत्पर असतात. जाण्याआधी पत्र टाका आणि त्यात गावाचं नाव जरूर लिहा.

पुस्तक वाचताना एक लक्षात ठेवा. यांचा बाप्तिस्मा कळत्या वयात, साधारण अठरा ते बावीसच्या दरम्यान, बहुतेकदा लग्नाच्या आधी. त्यामुळे बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या जवळची धरलीत तर एक अख्खी पिढी घसरेल. आणि बाप्तिस्म्याआधी गेलेली मुलं सभासदांच्या यादीत नसतातच, ती कुटुंबाच्या पानावर शोधावी लागतात. लिपी जुनी जर्मन, कुर्रेंट वळणाची. त्यातला ई हा अगदी एन सारखा दिसतो आणि यू ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. घरच्या बायबलातली माहीत असलेली नावं समोर ठेवून अक्षरं जुळवत बसा, हात बसतो. ट्रान्स्क्रिबससारखी हस्ताक्षर वाचणारी साधनंही आता कामाला येतात.

जनगणनेत कॅन्ससवाल्यांचं नशीब थोर आहे. १८९० ची अमेरिकेची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळपास सगळी गेली, पण कॅन्सस राज्य दर दहा वर्षांनी आपली वेगळी गणना करत असे. १८७५ ची गणना म्हणजे ही माणसं उतरून जेमतेम वर्ष झालेलं. तिच्यात शेतीचं वेगळं पत्रक आहे: किती एकर जमीन, किती पेरली, किती जनावरं. १८८५ च्या गणनेत कॅन्ससला कुठून आलात हा रकाना आहे. १९०० च्या राष्ट्रीय गणनेत जन्माचा महिना आणि वर्ष, अमेरिकेत आल्याचं वर्ष, आणि बाईला किती मुलं झाली नि त्यातली किती हयात आहेत हेही विचारलंय. तो शेवटचा रकाना वाचवत नाही, पण घरच्यांना माहीतही नसलेली मुलं तिथूनच सापडतात.

जमिनीच्या बाबतीत सगळ्यांना सरकारी होमस्टेड (वस्ती करून कसायच्या अटीवर मिळणारी जमीन) मिळालं असं धरून चालू नका. कॅन्ससमध्ये बऱ्याच मेनोनाइटांनी सांता फे रेल्वेकडून जमीन विकत घेतली. रेल्वेला एकाआड एक सेक्शन (एक चौरस मैलाचा जमिनीचा चौकोन) मिळालेले होते आणि तिचे एजंट गिऱ्हाइकं आणायला थेट रशियापर्यंत गेले होते. म्हणून होमस्टेडच्या नोंदींत नाव नाही मिळालं तर काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे खरेदीखत शोधा. आमच्याकडे मॅनिटोबात वेगळाच घोळ. तिथे होमस्टेड घेतलं प्रत्येकाने आपापल्या नावावर, पण राहिले सगळे रशियातल्यासारखे एका रस्त्याच्या दुतर्फा गाव करून. कागदावरचा चौकोन एकीकडे, घर दुसरीकडे.

आणि आता माझा लाडका कागद. मोलोच्नात आणि नंतर मॅनिटोबात वाइझेनाम्ट नावाचं एक कार्यालय असे. सरकारी नव्हे, समाजाचंच. नवरा किंवा बायको वारली की जाणत्या माणसांनी यायचं, घरादाराची यादी करायची, किंमत लावायची, कर्ज वजा करायचं. उरलेल्यातलं निम्मं हयात जोडीदाराला, निम्मं सगळ्या मुलांना समान, मुलगे-मुली भेद नाही. (महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान वाटा मिळायला १९९४ उजाडलं.) अज्ञान मुलांना पालक नेमायचे, त्यांचा वाटा कार्यालयात व्याजाने ठेवायचा. हे सगळं झाल्याशिवाय विधुराने दुसरं लग्न करायचं नाही.

साताऱ्याकडे वाढलेल्या माणसाला हा फेरफार वाचावा तसा वाचता येतो. माझ्या सासऱ्यांच्या खापरपणजीच्या मृत्यूनंतरची अशी एक वाटणी आम्हाला मिळाली. घोडे, गायी, गाडी, नांगर, पिसांच्या गाद्या, भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ, शेजाऱ्याचं देणं. खाली प्रत्येक मुलाचं नाव जन्मतारखेसकट, लग्न झालेल्या मुलींच्या पुढे जावयाचं नाव. पालक म्हणून नेमलेले दोघे निघाले आईचे भाऊ, आणि तिचं माहेर कुठल्या गावचं हे सासरच्यांना तोवर ठाऊकच नव्हतं. बायकांची माहेरं शोधायला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही मला तरी माहीत नाही. कॅन्ससमध्ये त्याच कामासाठी काउंटीच्या प्रोबेट (वारसाहक्काच्या) कोर्टाच्या फायली उघडा. मृत्युपत्र नसलं तरी वारसांची यादी असते.

जहाजाच्या यादीवर फार अवलंबून राहू नका. हॅम्बर्गहून सुटलेल्या प्रवाशांच्या याद्या १८५० पासून बऱ्याचशा टिकल्या आहेत, पण मूळ गावाच्या जागी पुष्कळदा नुसतं रशिया. उपयोग असा, की यादीत वरखाली असलेली कुटुंबं बहुधा नात्यातली किंवा एका गावची. शेजारची दहा नावं उतरवून घ्या.

गाव मिळालं, की मग रशिया. मोलोच्नाच्या कागदांचा सगळ्यात मोठा साठा पेटर ब्राउन या शिक्षकाने जमवला होता. सोव्हिएत राजवटीत तो हातचा गेला आणि नष्ट झाला असंच सगळे समजत होते. १९९० मध्ये तो ओदेसाच्या सरकारी अभिलेखागारात सापडला. त्याच्या मायक्रोफिल्म कॅनडा-अमेरिकेतल्या मेनोनाइट अभिलेखागारांत आहेत, त्यामुळे युक्रेनला जायची गरज नाही. त्यात शाळांच्या हजेरीच्या याद्याही आहेत: मुलाचं नाव, वय, बापाचं नाव.

तुमच्यासाठी कळीचा कागद म्हणजे १८३५ ची मोलोच्नाची गणना. ती कुटुंबवार आहे. पुरुषांचं वय १८१६ मध्ये किती होतं आणि १८३५ मध्ये किती, आणि कोण कुठल्या गावी हललं, हे तिच्यात आहे. मूळ नोंद रशियनमध्ये असेल तर ह च्या जागी ग शोधा. हाइनरिखचा गेनरिख झालेला असतो.

एकाच आडनावाचं घर पिढीगणिक गाव का बदलतं याचंही उत्तर इथेच आहे. मोलोच्नात पूर्ण शेत ६५ देस्यातिनांचं, म्हणजे साधारण १७५ एकर, आणि ते तोडून वाटायची मनाई. एकाने शेत ठेवायचं, बाकीच्यांनी पैसे घेऊन बाहेर पडायचं. १८६० च्या दशकापर्यंत निम्म्याहून जास्त कुटुंबं बिनजमिनीची झाली होती. १८७४ ला निघालेले सगळेच काही लष्करसेवेच्या भीतीने निघाले नाहीत. कित्येकांना जमीन हवी होती, आणि माझ्या मते घराण्याच्या कथेत ही बाजू नेहमी झाकली जाते.

प्रशियातला शेवटचा मोठा टप्पा १७७६ ची मेनोनाइटांची गणना. तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, मुलगे-मुली-नोकर यांचे नुसते आकडे, शिवाय धंदा आणि ऐपत. तिथवर पोचलात तर पुष्कळ झालं.

हे सगळं जोडायला ग्रॅन्डमा नावाचा डेटाबेस आहे, कॅलिफोर्निया मेनोनाइट हिस्टॉरिकल सोसायटीचा. त्यात दहा लाखांहून जास्त नावं आहेत आणि प्रत्येक माणसाला नंबर. या समाजातले संशोधक एकमेकांशी नंबरानेच बोलतात, चार याकोबांवर तोच उपाय. वर्गणी आहे पण घ्या. मात्र त्यातली नोंद ही सुरुवात समजा आणि आधाराचा कागद स्वतः पाहा. डीएनएच्या जुळण्यांना तर निम्मीच किंमत द्या. शतकानुशतकं आपापसांत लग्नं झाल्यामुळे पाचव्या पिढीचा भाऊ तिसऱ्या पिढीचा दिसतो.

एक आडवाट. घराण्यात कुणी भारतात मिशनरी होतं अशी कुजबुज असेल तर ती सोडून देऊ नका. १८९७ च्या दुष्काळातल्या मदतकार्यानंतर १८९९ मध्ये अमेरिकन मेनोनाइटांनी धमतरीला मिशन काढलं, थोड्याच दिवसांत दुसऱ्या गटाने चांप्याला. दोन्ही ठिकाणं तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात. चांप्याजवळ जांजगीरला काम केलेल्या अ‍ॅनी फंक १९१२ मध्ये आजारी आईला भेटायला निघाल्या आणि टायटॅनिकवर गेल्या. मिशनच्या फायलींत उमेदवाराच्या घरची माहिती असते.

तूर्त एवढं करा. बायबलाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या कोऱ्या पानांचे फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. थडग्याच्या दोन्ही बाजूंचे आणि आजूबाजूच्या थडग्यांचेही काढा. सासूबाईंना नाव-तारखांऐवजी विचारा, की आजोबा रविवारी कुठल्या देवळात जायचे आणि त्यांची शेती कुठल्या गावाला लागून होती. हयात माणसांची नावं झाकून बायबलाचं पान इथे टाकलंत तर कुर्रेंट वाचून द्यायला मी आहेच.